बसला वाट दिली, तरी माझंच चुकलं?

ताई,
मी नाशिकची. वय ५६. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि आयुष्यभर राहून गेलेली एक गोष्ट केली, गाडी शिकले. परवाना हातात येऊन चार महिने झाले. सरळ रस्त्यावर मी ठीक आहे, रिव्हर्सही जमतो. पण सर्कल आलं की पोटात गोळा येतो. गेल्या महिन्यात एका सर्कलमध्ये मी निम्म्यावर पोचले होते. डावीकडच्या रस्त्याने एक बस आत शिरायला बघत होती. मोठी गाडी, माणसांनी भरलेली, म्हणून मी थांबले आणि हाताने ‘जा’ म्हटलं. तेवढ्यात मागून एक स्कूटरवाला धाडकन आदळला. सुदैवाने त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्याचं हँडल वाकलं, आमच्या बंपरला पोचा आला. जमलेले सगळे मलाच बोलले. ‘येत नाही तर चालवता कशाला?’ मी घाबरून दोन हजार रुपये देऊन टाकले.
घरी प्रत्येकाचा नियम वेगळा. आमचे हे म्हणतात, उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. मुलगा न्यू जर्सीत असतो, तो म्हणाला, आई, डावीकडच्याला. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी शिकवलं होतं, हॉर्न मारायचा आणि घालायची. तिघांतलं खरं कोणाचं? आणि बसला वाट देणं ही चूक कशी?
गोल गोल फिरणारी, नाशिक

नमस्कार बाई,

शाळेतल्या म्हणून ‘बाई’च म्हणते. माझी निम्मी गणितं अशाच एका बाईंच्या धाकाने सुटली.

आधी निकाल सांगते, मग कारणं. तुमचे यजमान बरोबर आहेत. चिरंजीवही बरोबर आहेत, फक्त न्यू जर्सीपुरते. ड्रायव्हिंग स्कूलचे सर साफ चूक. आणि बससाठी थांबलात तिथे तुमचंही चुकलं, पण जमलेल्या मंडळींना वाटलं त्या कारणाने नाही. गाडी तुम्हाला येते. चुकली ती थांबायची जागा.

नियम एका ओळीचा आहे. जो सर्कलमध्ये फिरतो आहे त्याची वाट आधी, जो बाहेरून आत येतो आहे त्याने थांबायचं. देवळातली प्रदक्षिणा आठवा. गाभाऱ्याभोवतीच्या अरुंद वाटेत माणसं फिरत असतात. सभामंडपातून तुम्ही त्या वाटेशी येता, क्षणभर थबकता, फिरणाऱ्यांमध्ये फट दिसली की मिसळून जाता. फिरणारा माणूस मध्येच उभा राहून ‘या, तुम्ही आधी’ असं म्हणत नाही. म्हणालाच, तर मागून येणाऱ्या आजी त्याच्या पाठीवर आदळणार. तुमच्या बाबतीत त्या आजी स्कूटरवर होत्या, इतकंच.

आता डावं-उजवं. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो, म्हणून सर्कलभोवती प्रदक्षिणेच्याच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो. देव उजव्या हाताला, तसं मधलं बेट उजव्या हाताला. मग तुम्ही बाहेर तोंडाशी उभ्या असाल तर फिरणारी गाडी तुमच्यापुढे कुठून येणार? उजवीकडून. झाला यजमानांचा नियम. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तिथली प्रदक्षिणा उलटी, त्यामुळे फिरणारी गाडी डावीकडून येते. झाला चिरंजीवांचा नियम. वहीवर दोन गोल काढून बाण दाखवा. एक नियम दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे, हे तुम्हाला माझ्याआधी दिसेल. चिरंजीवांना मात्र एक चिमटा काढा. न्यू जर्सी हे जुन्या सर्कलांसाठी प्रसिद्ध राज्य, तिथलं पहिलं सर्कल कॅम्डेनजवळ १९२५ मध्ये झालं. पण त्या राज्याच्या चालक-पुस्तिकेत या जुन्या सर्कलांसाठी सरसकट ठरावीक नियम नाही, तारतम्याने आणि जपून चालवा अशा अर्थाचंच वर्षानुवर्षं छापलेलं असतं. तेव्हा गोंधळ फक्त नाशिकला नाही.

आपल्याकडे मात्र नियम आहे आणि जुना आहे. १९८९ च्या रस्ता-नियमांतच लिहिलं होतं की, चौकात शिरताना ज्या रस्त्यावर शिरतो आहोत तो मुख्य म्हणून जाहीर केलेला असेल तर त्या रस्त्यावरच्या वाहनांना, आणि एरवी आपल्या उजव्या हाताने येणाऱ्या सगळ्या वाहनांना वाट द्यायची. २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले, पण उजव्या हाताचं तत्त्व तेच राहिलं. शिकाऊ परवान्याच्या संगणकावरच्या परीक्षेत हा प्रश्न असतो: सिग्नल नसलेल्या चौकात कुणाला वाट द्याल? तुमच्या वाट्याला तो आला असेल, तर बरोबर पर्यायावर टिचकीही मारली असेल. पण परीक्षेतलं उत्तर आणि समोरून अंगावर येणारी बस यांची गाठ आपल्या मनात कुणी घालून देत नाही.

मुख्य रस्त्याचा मुद्दा मुद्दाम काढला, कारण सर्कलवर सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात. हायवेकडून येणाऱ्याला वाटतं, मी मोठ्या रस्त्यावरचा, गल्लीतल्याने थांबावं. सर्कलच्या तोंडाशी आलात की हे डोक्यातून काढून टाका. तुम्ही आता ज्या रस्त्यावर शिरणार आहात तो रस्ता म्हणजे ते गोल, आणि त्याच्यापुढे हायवेही बाहेरचा आणि गल्लीही बाहेरची.

बसला वाट देणं चूक कसं, हे तुम्हाला तुमच्याच विषयातून सांगते. ‘एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, तर टाकी किती वेळात भरेल?’ हे उदाहरण तुम्ही किती पिढ्यांना घातलं असेल! सर्कल म्हणजे ती टाकी. आत येणारे रस्ते हे भरणारे नळ, बाहेर पडणारे रस्ते हे रिकामे करणारे. आता या टाकीची खोड अशी, की आतलं पाणी थांबलं तर ते रिकामं करणाऱ्या नळाच्याच तोंडावर येऊन बसतं. तुम्ही आत थांबलात की तुमच्या मागची गाडी थांबते, तिच्या मागची थांबते, आणि अशी चार-पाच गाड्यांची माळ लागली की ती मागच्या रस्त्याचं बाहेर पडायचं तोंड बुजवते. मग ज्याला तिथून बाहेर पडायचं होतं तो अडकतो, त्याच्यामुळे त्याच्या मागचे, आणि ही साखळी फिरत फिरत येऊन तुमच्या समोरच्या गाडीला भिडते. सगळे उभे, सगळे हॉर्न मारताहेत, आणि जो तो शेजारच्यामुळे अडकलेला. बाहेरच्याने थांबायचं ठरलं, तर असं होत नाही. बाहेरच्या रांगा लांबतात, पण टाकी वाहती राहते.

इंग्लंडने हे स्वतःच्या अंगावर शिकून घेतलं. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सर्कलं होती, पण आधी कोण हे देशभर ठरलेलं नव्हतं. गर्दीच्या वेळी गोल भरायचं आणि गच्च बसायचं. नोव्हेंबर १९६६ मध्ये उजवीकडच्याला आधी हा नियम लागू झाला आणि तीच सर्कलं वाहायला लागली. फ्रँक ब्लॅकमोर या वाहतूक अभियंत्याने मग त्याच्या जोरावर नुसत्या रंगवलेल्या ठिपक्याएवढी छोटी सर्कलं काढली. स्विंडन गावात १९७२ मध्ये एका मोठ्या सर्कलभोवती अशी पाच छोटी सर्कलं गुंफली गेली. नकाशावर ते बघितलंत तर तुमचं नाशिक फार सोपं वाटेल. उलट पॅरिसला विजयकमानीभोवतीच्या प्रसिद्ध गोलात आजही आत शिरणाऱ्याला आधी वाट मिळते, फिरणारे थांबतात. तिथला गोंधळ बघायला पर्यटक कमानीवर चढतात.

टाकीला मापही असतं, तेही सांगून टाकते. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या १९७६ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे सगळ्या रस्त्यांनी मिळून तासाला साधारण ३,००० वाहनांपर्यंत सर्कल नीट काम करतं. त्याच्यावर गेलं की नियम पाळूनही भागत नाही, म्हणून आपल्याकडे कित्येक सर्कलांवर पुढे सिग्नल बसले. नाव मात्र सर्कलच राहिलं. मुंबईत किंग्ज सर्कल, खोदादाद सर्कल. तुमच्याकडे मायको सर्कल, एबीबी सर्कल. जिथे सिग्नल चालू आहे किंवा हवालदार हात दाखवतो आहे तिथे हे सगळं पुराण बंद, तो सांगेल ते खरं. रात्री सिग्नल नुसता पिवळा उघडझाप करायला लागला की सर्कलचा नियम पुन्हा जागा होतो.

मग सर्कल करायचंच कशाला, असा प्रश्न तुमच्या वर्गातल्या एखाद्या चळवळ्या मुलाने नक्की विचारला असता. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा एकमेकींना छेदतात किंवा भिडतात अशा ३२ जागा निघतात. तिथे एकाच रांगेचं सर्कल केलं की उरतात ८. शिवाय समोरासमोरची धडक जवळजवळ संपते, टक्कर झालीच तर तिरकी आणि कमी वेगाची. तुम्हाला धक्का बसला, बंपरला पोचा आला, आणि माणूस खरचटण्यावर निभावला, यात सर्कलचाही थोडा हात आहे.

आता तुमच्या त्या दुपारकडे येऊ. कायद्याच्या नजरेने स्कूटरवाल्याने पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायला हवं होतं, ते त्याने ठेवलं नाही. पण सुरक्षिततेची गरज नसताना एकदम ब्रेक लावू नये, हेही त्याच १९८९ च्या नियमांत होतं. म्हणजे वाटणी दोघांत होते, आणि मला विचाराल तर मोठा हिस्सा त्याचा. दोन हजार दिलेत ते गेले, त्यावर आता चडफडू नका. पुढच्या वेळी मात्र, वेळ येऊ नये, पण आलीच तर आधी माणूस बघा, मग दोन्ही गाड्यांचे फोटो घ्या, गाडी बाजूला घ्या, मग बोला. कुणाला खरोखर लागलं असेल तर त्याला दवाखान्यात पोचवणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. रस्त्यावरच्या तडजोडीने ती फिटत नाही.

आणि तो हात. थांबण्यापेक्षा मला तुमच्या त्या हाताची जास्त भीती वाटली. आपण ‘जा’ म्हणून हात करतो तेव्हा आपण फक्त आपल्यापुरतं बोलत असतो. पण बसवाला ते ‘रस्ता मोकळा आहे’ असं वाचतो. तुमच्या पलीकडून, बेटाच्या बाजूने एखादी मोटरसायकल सुसाट येत असेल, तर ती तुम्हालाही दिसलेली नसते आणि त्यालाही दिसत नाही. मी बावीस वर्षं ठाण्यात लोकांना गाडी शिकवली, डबल कंट्रोलच्या गाडीत डाव्या सीटवर बसून. त्यात मी स्वतः ब्रेक दाबायची वेळ सर्वांत जास्त कधी आली असेल, तर कुणीतरी प्रेमाने हात केल्यावर आणि माझ्या विद्यार्थ्याने त्यावर विश्वास ठेवल्यावर.

‘पण बस घुसलीच तर?’ घुसेल. आपल्याकडे घुसते. तेव्हा अर्थातच तिला जाऊ द्यायचं, नियमाची पाटी छातीवर लावून बसखाली जायचं नाही. फरक कसा करायचा ते सांगते. बस तोंडाशी उभी आहे, चाकं हललेली नाहीत: तुम्ही आहे त्याच वेगाने पुढे चला, नजर तिच्या पुढच्या चाकावर. चाक फिरायला लागलं: ॲक्सिलरेटरवरून पाय उचला, ब्रेकला दोन हलके स्पर्श करा, म्हणजे मागच्याला तुमचा लाल दिवा लुकलुकताना दिसेल. तरीही ती आली, तर थांबा. तोवर मागच्याला कळलेलं असतं. ड्रायव्हरचं तोंड बघू नका, चाक बघा. तोंड कुठेही वळतं, चाक खोटं बोलत नाही.

आत शिरायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पोटातल्या गोळ्याचं मूळ तिथे आहे. नवशिक्या माणसाला सर्कल आलं की सगळीकडे बघावंसं वाटतं. डावीकडे, समोर, बेटावरचा पुतळा, पलीकडून येणारा टेम्पो. इतकं बघून डोकं गरगरतं. तुमचा प्रश्न एकाच बाजूचा आहे. तोंडाशी येताना दुसऱ्या गिअरमध्ये या, आणि नजर उजवीकडे, सर्कलच्या त्या तुकड्यावर, जिथून पुढची गाडी तुमच्यासमोर येणार आहे. बेटावर झाडं आहेत, कारंजं आहे, समोरचं काही दिसत नाही म्हणून घाबरू नका, समोरचं दिसायची गरजच नाही. मात्र उजवीकडच्या कोपऱ्यावर कुणा दादांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा देणारा फ्लेक्स लागला असेल, तर तिथे पूर्ण थांबा आणि मगच नाक पुढे काढा. आपल्याकडे सर्कलवर दृष्टीआड जाणारी निम्मी सृष्टी या शुभेच्छांमागे असते.

उजवीकडे बघताना एक चोर आहे. पुढची काच आणि तुमचं दार यांच्या मधला खांब. गोलातून येणारी दुचाकी या खांबाच्या मागे राहते आणि गंमत म्हणजे खांबाबरोबरच सरकते. तुम्ही पुढे येता, ती वळत येते, आणि दोन-तीन सेकंद ती तुमच्यासाठी जगातच नसते. म्हणून मान नुसती वळवायची नाही, धड पुढे झुकवायचं आणि मागे घ्यायचं, खिडकीतून शेजारणीशी बोलताना डोकावतो तसं. माझ्या विद्यार्थ्यांना हसू यायचं. हसा, पण झुका.

फट किती हवी? उजवीकडची गाडी दिसल्यापासून तुमच्यासमोर पोचेपर्यंत मनात ‘श्री गणेशाय नमः’ दोनदा सावकाश म्हणून होत असेल, तर निघा. एकदाच होत असेल तर थांबा. महिनाभराने मोजावं लागणार नाही. आणि उजवीकडून कुणीच येत नसेल तर थांबू नका! रिकाम्या सर्कलच्या तोंडाशी शिस्तीत उभी राहणारी गाडी मागच्याला बुचकळ्यात टाकते, आणि मागून ठोकर बसण्याची ती दुसरी आवडती जागा.

क्लचचं तुम्हाला येत असेल. दुसऱ्यात येणं, रेंगाळावं लागलं तर पहिला, आत गेल्यावर पुन्हा दुसरा, बस्स. सर्कलमध्ये तिसरा टाकायची घाई कुणाला नाही.

बाजू कुठली धरायची, हे ज्याला डावीकडे वळायचं त्याला सोपं: डावा इंडिकेटर आधीपासून, डावी कड धरून आत आणि तसंच बाहेर. सरळ जायचं असेल तर शिरताना इंडिकेटर नको, डावीकडूनच जा, आणि तुम्हाला बाहेर पडायचं त्याच्या आधीचा रस्ता ओलांडला की डावा लावा. उजवीकडे वळायचं किंवा पुरता वळसा घालायचा असेल तर उजवा लावून बेटाच्या बाजूने राहायचं, आणि पुन्हा तेच: तुमच्या आधीचा रस्ता गेला की डावा इंडिकेटर, डावा आरसा, डाव्या खांद्यावरून एक नजर, मगच बाहेर. हा शेवटचा डावा इंडिकेटर आपल्याकडे कुणी लावत नाही. तुम्ही लावा. पुढच्या तोंडाशी थांबलेल्याला त्यावरून कळतं की ही गाडी माझ्यासमोर येणार नाही, आणि तो निघू शकतो. तुमच्या सौजन्याला वाट हवी असेल तर ती ही आहे.

बाहेर पडताना रेंगाळू नका. सर्कलची आखणीच अशी असते की आत येण्याचं वळण घट्ट ठेवतात आणि बाहेर जाण्याचं सैल, गाडीने येताना दबकत यावं आणि जाताना मोकळं व्हावं म्हणून. फक्त बाहेरच्या तोंडाशी झेब्रा असेल तर त्यावरच्या माणसाकडे आधी बघा.

आणि रस्ता चुकलात तर? पुढच्या फेरीत धरायचा. आत एकदम थांबून, डावीकडे चार गाड्या आडव्या कापून बाहेर पडण्यापेक्षा आणखी एक प्रदक्षिणा घालणं कधीही बरं. मी परवाना मिळाल्यावर पहिल्यांदा किंग्ज सर्कलला गेले तेव्हा माटुंग्याला उतरणारा रस्ता तीनदा चुकले. मधल्या माहेश्वरी उद्यानातली बाकांवरची मंडळी तिसऱ्या फेरीला ओळखीचं हसायला लागली होती. काही बिघडलं नाही.

बस आणि ट्रकच्या बरोबरीने सर्कलमध्ये फिरू नका, हे मात्र कानाला खडा लावून घ्या. लांब गाडीची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापतात. गोलात फिरताना ती उजवीकडे, बेटाकडे सरकतात, आणि बाहेर पडताना डावीकडे. म्हणजे तुम्ही कुठल्याही बाजूला असलात तरी एकदा दाबल्या जाणारच. तिला पुढे जाऊ द्या आणि तिच्या मागे राहा, ड्रायव्हरला आरशात दिसाल इतक्या मागे.

राँग साइडने येणारे हा शेवटचा ताप. पुरता वळसा कोण घालणार, म्हणून सर्कलच्या डाव्या अंगाने उलटे घुसणारे दुचाकीवाले तुम्ही रोज बघत असाल. त्यांच्यासाठी निघायच्या क्षणी डावीकडे एक झटकन नजर. नियमात ती नाही, पण नाशिकमध्ये आणि ठाण्यात ती लागते. ॲम्ब्युलन्सचा भोंगा सर्कलमध्ये असताना ऐकू आला, तर तिथेच थांबू नका, बाहेर पडून मग डावीकडे घ्या. आत थांबलात तर टाकीचं गणित तिलाही लागू होतं. तिला वाट न देण्याचा दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून १०,००० रुपये आहे, पण तुमच्यासारख्यांना त्यासाठी दंडाची आठवण करून द्यावी लागत नाही.

सरांच्या ‘हॉर्न मारायचा आणि घालायची’बद्दल एकच. हॉर्नने वाट मिळत नाही, फक्त आपण येतोय एवढं कळतं. तेही ज्याने ऐकलं त्याला.

आता काम. एखाद्या संध्याकाळी सर्कलजवळच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा, गाडी घरी ठेवून. आत कोण थांबतं आणि त्यानंतर काय काय अडतं, तेवढंच बघा. मग रविवारी सकाळी साडेसहाला, दूधवाले आणि फिरायला निघालेले आजोबा सोडून कुणी नसताना, सिग्नल नसलेलं एखादं सर्कल गाठा. पहिल्या दिवशी फक्त डावीकडे वळायचं, चारही तोंडांनी. दुसऱ्या रविवारी सरळ. तिसऱ्या रविवारी पुरता वळसा, इंडिकेटर मोठ्याने बोलून लावायचे. चौथ्या रविवारी नऊ वाजता जा.

यजमानांना पहिले दोन रविवार घरीच राहू द्या. शेजारी बसून सूचना देणारा माणूस बरोबर असला तरी त्याच्याकडे बघताना उजवीकडचं बघायचं राहतं. ते मनाला लावून घेतील असं वाटलं, तर या उत्तरातला दुसरा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा, ‘तुमचे यजमान बरोबर आहेत’ इथपर्यंतच.